अकरा सहा ते अकरा दहा

माझं तोंड वाईट आहे हे मला माहीत आहे. ऑफिसात पाठीमागे मला 'मिरची' म्हणतात, तेही माहीत आहे. पण त्या नऊ दिवसांत मी घरात जे बोलले, ते तोंड वाईट म्हणून बोलले नाही. शांतपणे, समजावून, पाठीवर हात ठेवून बोलले. तेच मला जास्त खातं.

आमचं ऑफिस म्हणजे ॲम्ब्युलन्सचं फोन केंद्र. कुणी पडलं, कुणाच्या छातीत दुखायला लागलं, की लोक नंबर फिरवतात आणि फोन आमच्याकडे वाजतो. तळमजल्यावर फोन घेणाऱ्यांचा हॉल, आणि वर जिन्याला लागून सर्व्हरची खोली. त्या खोलीत मी. सर्व्हर नीट चालतोय का, दमतोय कुठे, हे बघणं माझं काम. ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःचे आकडे स्वतःच मोजत असते. प्रोसेसर किती टक्के गुंतलाय, मेमरी किती मोकळी आहे, डिस्कपुढे किती कामं ताटकळत उभी आहेत. त्यांना काउंटर म्हणतात. दर पंधरा सेकंदांनी असे अठरा काउंटर एका फाइलमध्ये ओळीने उतरतात आणि माझ्या टेबलावरच्या स्क्रीनवर त्यांचा आलेख सरकत राहतो. एकवीस वर्षं मी तो बघतेय. नवऱ्याच्या तोंडाकडे इतकं बघितलं नसेल.

खाली हॉलमध्ये, खिडकीकडून तिसऱ्या खुर्चीवर माझी नणंद बसते. लग्न झाल्यावर मी तिला चिडवायला 'वन्सं' म्हणायला लागले, वर 'अहो-जाहो' लावून, कारण आम्ही दोघी एकाच वयाच्या आणि ती मात्र स्वतःला घरातली वडीलधारी समजायची. चिडवणं कधीच संपलं, नाव तेवढं चिकटलं. तिने लग्न केलं नाही. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहते. आमचं पटतं का? छे! ओला टॉवेल खुर्चीवर टाकण्यावरून आमची जुंपते, टीव्हीच्या आवाजावरून जुंपते, दुधावरची साय कुणी खाल्ली यावरून पन्नाशीच्या दोन बायका भांडतात. पण मी आजारी पडले की माझं डोकं चेपायला तीच बसते आणि चेपता चेपता मला बोल लावते.

त्या रविवारी सकाळी अकरा वाजून सहा मिनिटांनी तिच्याकडे एक फोन आला. एका बाईचा. नवरा एकोणपन्नास वर्षांचा, छातीत कळ आली, खाली बसला आणि आता बोलत नाहीये. वन्संनी पत्ता टाइप केला, 'पाठवा'चं बटण दाबलं, आणि स्क्रीन थिजली. हे तिचं म्हणणं. गाडी सुटल्याची नोंद अकरा दहाची आहे. गाडीचं ठाणं त्या घरापासून तीन मिनिटांवर होतं. गाडी पोचली तेव्हा माणूस गेलेला होता.

मग तिने दुसरं काही का केलं नाही, असं कुणीही विचारेल. करणार काय? गाडीवाल्याला फोनही त्याच स्क्रीनवरून लागतो. स्वतःचे मोबाइल बाहेर कपाटात ठेवावे लागतात, तसा नियमच आहे. रविवार असल्यामुळे हॉलमध्ये दोघीच होत्या, आणि दुसरी बाळंत होत असलेल्या एका बाईच्या फोनवर होती. तिची गाडी आधीच निघालेली. ती डोळे मिटून पलीकडच्या बाईच्या कळा मोजत होती, तिचं स्क्रीनकडे लक्षच नव्हतं. "माझ्याकडे काही अडकल्याचं मला तरी दिसलं नाही," एवढंच ती सांगू शकली, आणि ते खरंच होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे फोनचं रेकॉर्डिंग. आमच्याकडे शिकवतात की फोनवरच्या माणसाला मशीनची अडचण सांगायची नाही, तो आणखी घाबरतो. म्हणून त्या टेपमध्ये पावणेचार मिनिटं वन्संचा आवाज आहे, शांत, प्रेमळ: "गाडी येतेय हं. निघालीय. तुम्ही फोन ठेवू नका. येतेय." आणि गाडी तर निघालेलीच नव्हती.

तक्रार झाली, चौकशी लागली, वन्संना घरी बसवलं. साहेबांनी मला विचारलं, "सर्व्हरचं काय म्हणणं?" मी आलेख काढला. अकरा ते साडेअकरा. प्रोसेसर बावीस टक्के, मेमरी अर्ध्याहून जास्त मोकळी, डिस्कपुढे रांग नाही. रेष कशी, सरळ. मी तो छापला, खाली लिहिलं, 'सदर वेळेत सर्व्हर व्यवस्थित कार्यरत होता', आणि सही ठोकली. नणंद आहे म्हणून मी काही लपवतेय असं कुणाला वाटू नये, ही माझी ऐट! घरचं असो की बाहेरचं, आकडा तो आकडा.

त्याच संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "वहिनी, स्क्रीन अडकली होती गं. सात वेळा दाबलं मी ते बटण."

"आकडे तसं म्हणत नाहीत, वन्सं."

"मग काय म्हणतात?"

"सगळं ठीक होतं म्हणतात."

ती वळून आपल्या खोलीत गेली. एरवी एवढ्यावर तिने मला सळो की पळो करून सोडलं असतं. तिसऱ्या दिवशी तिने जेवणाचं ताट सरकवलं आणि विचारलं, "असं होतं का गं, की आपल्याला वाटतं आपण बटण दाबलं, आणि आपण ते दाबलेलंच नसतं?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "होतं कधीकधी. माणूस घाबरला की होतं. त्यात तुमचा काही दोष नाही."

हे मी म्हणाले. अक्कल पाजळली. त्यानंतर तिने बटण दाबल्याचं नावच काढलं नाही. जेवण सुटलं. मागच्या खोलीत पडदे ओढून बसायची. नवरा रोज मला म्हणायचा, "तू तुझ्या बाजूने बघ ना काहीतरी," आणि मी त्याच्यावर वस्सकन ओरडायचे, "काय बघू? आकडे बदलू?" खरं तर मी रोज बघत होते. रोज तोच आलेख काढत होते, रोज तीच सरळ रेष. माझं डोकं फुटायची वेळ आली होती.

नववा दिवस मंगळवार. दुपारी तीनला चौकशीची बैठक होती. सकाळी मी चहा गाळत होते, तेवढ्यात वन्सं आली आणि एक कागद माझ्यापुढे धरला. "हे बरोबर लिहिलंय का बघ. साहेबांना द्यायचंय."

तिच्या त्या गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं की त्या दिवशी माझ्याकडून बटण दाबलं गेलं नाही, मी गोंधळले, आणि माझ्यामुळे एका माणसाचा जीव गेला. कुणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. खाली सही.

"वन्सं, हे कशाला?"

"खरं आहे ते लिहिलं. हे दिलं की मी मोकळी झाले."

तो 'मोकळी' शब्द मला आवडला नाही. ती आंघोळीला गेल्यावर मी तिच्या खोलीत डोकावले. खोली कधी नव्हे इतकी आवरलेली. पलंगावर तिच्या कपाटाची किल्ली, आणि किल्लीखाली चिठ्ठी: कुठल्या कप्प्यात काय आहे, कुठली साडी कुणाला द्यायची. माझ्या नावावर चार होत्या. मी तिथेच पलंगाची कड धरून बसले.

नवऱ्याला बाहेर ओढत नेलं. "आज कामावर जायचं नाही. हिच्यासमोरून हलायचं नाही. ती बाथरूममध्ये गेली की दाराशी उभं राहायचं, लाज वाटली तरी. तीन वाजता तूच तिला घेऊन ये." त्याने ती चिठ्ठी वाचली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाथरूमच्या दाराशी जाऊन स्टूल मांडून बसला.

साडेनऊला मी सर्व्हरच्या खोलीत होते. आलेख काढला. सरळ रेष. मोठा केला, लहान केला, रंग बदलले. सरळ रेष. कप्पाळ माझं! मी त्या स्क्रीनला खरोखर हात जोडले, आणि मग एक सणसणीत शिवी घातली.

आलेखातून काही निघेना म्हणून शेवटी मी मूळ फाइल उघडली, जिच्यावरून आलेख बनतो ती. ती कुणी वाचत नाही. नुसते आकड्यांचे रकाने, डोळ्यांपुढे अंधारी येते. पण दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. अकरा ते बारा या तासाचे कागद छापले आणि पट्टी लावून एकेक ओळ वाचायला बसले. वेळ, प्रोसेसर, मेमरी, डिस्क. अकरा पाच तीस. अकरा पाच पंचेचाळीस. अकरा सहा. अकरा सहा पंधरा. अकरा दहा.

मला वाटलं पट्टी घसरली. परत वर गेले. अकरा सहा पंधरा. त्याखाली अकरा दहा.

ओळी मोजल्या. दर पंधरा सेकंदांना एक, म्हणजे तासाच्या दोनशे चाळीस हव्यात. दोनशे सव्वीस भरल्या. पुन्हा मोजल्या, या वेळी बोटाला थुंकी लावून, दुकानातल्या माणसासारख्या. दोनशे सव्वीसच. चौदा ओळी नव्हत्याच. सर्व्हर इतका गुदमरला होता की त्याला स्वतःचा आकडासुद्धा लिहिता आला नव्हता. आणि आलेख काढणाऱ्या त्या शहाण्या प्रोग्रामने काय केलं होतं? अलीकडचा ठिपका आणि पलीकडचा ठिपका घेऊन मध्ये झकास सरळ रेष ओढून दिली होती. त्या रेषेखाली मी सही केली होती.

मी रडले. खोटं कशाला सांगू, तोंडात रुमाल कोंबून रडले. मग घरी फोन लावला आणि नवऱ्याला म्हटलं, तिला दे.

"वन्सं, स्क्रीन अडकली होती! तुम्ही दाबलं होतं बटण. मला सापडलंय."

मग ती म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

"अहो नाही! देवाशपथ! कागद आहे माझ्या हातात."

"नऊ दिवस नव्हता तो कागद." तिचा आवाज सपाट होता. "कशामुळे अडकली?"

"शोधते. तीनच्या आत शोधते. वन्सं, तो कागद फाडा आधी, तुम्ही लिहिलेला."

"तुझा बघितला की फाडेन," ती म्हणाली आणि फोन भावाच्या हातात दिला.

मग मी कारण शोधायला लागले. पावणेचार मिनिटं सर्व्हरचा गळा धरला कुणी? बॅकअप त्या वेळी नव्हता. व्हायरस तपासणी पहाटे होते. मी डिस्कवरचे फोल्डर एकेक करून बघत गेले, त्या रविवारी अकराच्या सुमाराला कुठल्या फाइलला हात लागलाय का म्हणून. एका कोपऱ्यात एक फोल्डर दिसलं, 'तात्पुरतं' नावाचं. आत पाच मोठमोठ्या फाइली. चार दाबून लहान केलेल्या, पाचवी अजून भरत असलेली. दाबलेल्या तिसऱ्या फाइलची वेळ त्या रविवारची होती. काम सुरू अकरा वाजून सहा मिनिटं एकोणीस सेकंद. पूर्ण अकरा वाजून नऊ मिनिटं अठ्ठावन्न सेकंद.

फोल्डर कुणी बनवलं हे बघण्याची गरज नव्हती. तरी बघितलं. माझंच नाव.

त्या रविवारच्या तीन आठवडे आधी हॉलमधल्या मुलींनी तक्रार केली होती, सॉफ्टवेअर जरा जड चालतंय. म्हणून मी नेहमीच्या अठरा काउंटरांशिवाय आणखी एक मोजणी लावली होती. सर्व्हरवर चालणारी प्रत्येक लहानमोठी प्रक्रिया, तिचा प्रत्येक धागा, म्हणजे तिच्यातलं प्रत्येक छोटं काम, दर सेकंदाला. हजारो आकडे. अशी मोजणी दोन दिवसांच्या वर ठेवायची नसते, कारण ती मोजणीच सर्व्हरला जड होते. हे मीच नवीन माणसांना शिकवते. बुधवारी लावली, शुक्रवारी काढायचं ठरवलं. शुक्रवारी माझी दाढ ठणकायला लागली, अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून मी डॉक्टरकडे गेले, आणि सोमवारी आले ती मोजणी विसरून आले. ती चालूच राहिली. साधारण सहा दिवसांत एक फाइल भरायची, आणि भरली की मीच लिहून ठेवलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, तिला दाबून लहान करायची. ज्या डिस्कवर वन्संचे पत्ते लिहिले जातात, त्याच डिस्कवर. तेवढा वेळ डिस्क दुसऱ्या कुणाला दादच द्यायची नाही.

सर्व्हर का दमतोय हे बघायला मी त्याच्या छातीवर बसले होते.

गेल्या शनिवारी सकाळीही तो असाच अडकला होता, सातच्या सुमारास. त्या वेळी कुणाचा फोन नव्हता, म्हणून कुणाला कळलं नाही. पुढची फाइल शुक्रवारपर्यंत भरली असती. मी ती मोजणी बंद केली. एक बटण. दोन सेकंद लागले. नऊ दिवसांपूर्वी तेवढेच लागले असते.

मी खाली फरशीवर बसले तेव्हा केबलवाले काका आत आले. आमच्याकडे वायरी आणि जोडण्या तेच बघतात, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, आणि चहाचा कप माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला. वाचून झाल्यावर दार लावून घेतलं.

"चौदा ओळी नाहीत एवढं दाखव," ते हळूच म्हणाले. "तेवढ्याने तुझी नणंद सुटतेय. कारण विचारलं तर तपास चालू आहे म्हण. त्या फोल्डरचं काय करायचं ते कर. तुझ्याशिवाय कुणाला कळणारेय ते?"

"काका, माणूस गेलाय."

"गेलाय. आणि तू सांगितलंस म्हणून परत येणारेय का? तुझ्यावर खटला होईल, पोरी. मला घाबरवायचं नाहीये तुला, पण होईल."

मी खूप धीट आहे असा माझा लौकिक आहे. त्या दुपारी धाबं दणाणलं होतं माझं. मी फोल्डर पुसलं नाही, पण त्याचा कागदही छापला नाही. दोनशे सव्वीस ओळींचे कागद तेवढे घेतले आणि पावणेतीनला बैठकीच्या खोलीत जाऊन बसले.

समोर तिघं. आमचे साहेब, बाहेरून आलेल्या चौकशीच्या बाई, आणि एक डॉक्टर, जे खाली मान घालून कागद चाळत होते. तीनला नवरा वन्संना घेऊन आला आणि स्वतः बाहेर बाकावर बसला. नऊ दिवसांत ती अर्धी झाली होती. मुठीत तो कागद होता, घडी घातलेला. खुर्चीवर अगदी कडेला टेकली.

मी दाखवलं. ओळींवर लाल पेनाने खूण केली होती. "ही अकरा सहा पंधराची. यानंतर अकरा सात... माफ करा, अकरा सहा तीसची हवी. नाहीये. ही थेट अकरा दहाची. मधल्या चौदा वेळा सर्व्हरला आकडा लिहिता आलेला नाही. जो स्वतःचा आकडा लिहू शकत नव्हता, तो यांचं बटण कसं ऐकेल? मी आधी जो आलेख दिला तो चुकीचा वाचला होता. ती चूक माझी."

चौकशीच्या बाईंनी कागद हातात घेऊन स्वतः ओळी मोजल्या. मला त्या बाई आवडल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे यांनी बटण दाबलं असणं शक्य आहे."

"नुसतं शक्य नाही. दाबलंच होतं. सात वेळा."

वन्सं माझ्याकडे बघत होती. तो कागद तिने पर्समध्ये ठेवला. फाडला नाही, ठेवला.

"आणि अडकण्याचं कारण?" बाईंनी विचारलं.

"तपास चालू आहे," मी म्हणाले.

बाईंनी लिहून घेतलं. साहेबांचा जीव भांड्यात पडल्याचं स्पष्ट दिसलं. "तांत्रिक बिघाड," ते म्हणाले, "दुर्दैवी, पण तांत्रिक." मग वन्संकडे वळून अगदी गोड आवाजात, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. उद्यापासून या कामावर."

संपलं होतं. सगळे कागद गोळा करायला लागले. मी मनात म्हणत होते, सुटली, ती सुटली, बाकी मी बघून घेईन.

"उद्या पुन्हा अडकली तर?" वन्सं म्हणाली.

साहेब थांबले. "आता लक्ष ठेवतील ना त्या."

"मी वहिनीला विचारतेय. पुन्हा अडकेल का?"

"नाही अडकणार," मी म्हटलं.

"कशावरून?"

"नाही अडकणार म्हणते ना, वन्सं."

"कारण माहीत नाही म्हणतेस, आणि अडकणार नाही म्हणतेस." ती चिडून बोलत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं, आणि नऊ दिवसांनंतर तिला स्वतःच्या कळण्यावर भरवसाही नव्हता. "उद्या मी तिथे बसणार. कुणाची तरी आई, कुणाचा तरी नवरा. मी त्यांना 'येतेय' म्हणणार. मला खोटं नाही म्हणवणार आता. अडकणार असेल तर मी बसत नाही त्या खुर्चीवर, काय करायचं ते करा माझं. तू मला नक्की सांग."

तिच्यासमोर खोटं बोलायची माझी तयारी होती, हे मी लपवत नाही. तोंड उघडलंसुद्धा. पण तिने जर विश्वास ठेवला नसता, तर ती पुन्हा त्या आवरलेल्या खोलीत गेली असती. आणि विश्वास ठेवला असता, तर तो माझ्या शब्दावर ठेवला असता, जसा नऊ दिवसांपूर्वी ठेवला होता.

"नाही अडकणार," मी म्हणाले, "कारण ज्याच्यामुळे अडकत होती ते मी आज दुपारी बंद केलंय. ते मीच लावलेलं होतं. काढायला विसरले."

मग सगळं सांगितलं. फोल्डर, फाइली, वेळ. दाढेचंही सांगितलं, का कोण जाणे. दाढेचं ऐकून साहेबांनी डोळे मिटले. डॉक्टर पहिल्यांदाच वर बघायला लागले. चौकशीच्या बाईंनी लिहिलेली ओळ खोडली आणि नव्याने लिहायला घेतली. मध्येच थांबून एवढंच विचारलं, "हे तुम्हाला किती वाजता कळलं?"

"साडेबाराला."

तेही त्यांनी लिहिलं.

खोलीची किल्ली आणि ओळखपत्र मी तिथेच टेबलावर ठेवलं. पुढचं पत्राने कळेल, असं साहेब म्हणाले. बाहेर आले तर बाकावर नवरा नव्हता, गाडी आणायला खाली गेला होता. वन्सं जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती. मला वाटलं मारेल. मारावं असं वाटत होतं.

"वन्सं..."

"विसरायला काय, माणूस विसरतो," ती म्हणाली. "मीही गॅस विसरते. जिचा नवरा गेला त्या बाईंना मी काय तोंड दाखवू ते मला माहीत नाही, पण तुझं विसरणं मी समजू शकते."

मी रडायला लागले.

"थांब. माझं व्हायचंय अजून." तिने माझा हात धरला नाही, की झटकलाही नाही. "मी तुला म्हणाले होते दाबलंय. तेवीस वर्षं एका घरात आहोत. सायीवरून भांडलो असू, पण मी कधी खोटं बोललेय तुझ्याशी? एकदा म्हणायचंस, 'थांबा वन्सं, तुम्ही म्हणताय तर मी परत बघते.' एवढंच. नाही म्हणालीस. पाठीवर हात ठेवून मला पटवलंस की माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि मला पटलं गं. मी रोज रात्री तो हात आठवायचे, माझाच, बटणावरचा, आणि तो बटणापर्यंत पोचायचाच नाही. तू सांगितलंस म्हणून."

मी रुमाल काढून डोळे पुसले.

खालून नवऱ्याने हॉर्न वाजवला. ती पदर सावरून जिना उतरायला लागली. मला एकदम भीती वाटली, की ही आता येणार नाही, मैत्रिणीकडे, कुठल्या तरी खोलीत, कुठेही जाईल. मी वरूनच विचारलं, "वन्सं, घरी येताय ना?"

ती दोन पायऱ्यांवर थांबली. मागे वळून बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवा नव्हता, काहीच नव्हतं.

"येतेय की," ती म्हणाली. "मला दुसरं घर कुठाय?"

आणि खाली गेली. रागाने म्हणाली असती तर मी पायाशी जाऊन पडले असते, भांडले असते, मनवलं असतं. ती नुसतं खरं सांगत होती. मी कठड्याला धरून उभी राहिले, आणि खाली तिने गाडीचं पुढचं दार उघडलं, जिथे नेहमी मी बसते, आणि आत बसून ते लावून घेतलं.